मंडळाची वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर नेताना: आधी काय, नंतर काय

फेसबुकचं पान, यूट्यूब चॅनल, गूगल ड्राइव्हवरची सभासद-यादी आणि एखादा फुकटचा ब्लॉग. बडोद्यातल्या बऱ्याच मराठी मंडळांचा, वाचनालयांचा आणि वर्षातून एक स्मरणिका काढणाऱ्या संस्थांचा इंटरनेटवरचा संसार एवढ्यातच आटोपतो. मग गणेशोत्सवात कुणी नाट्यपद म्हणतं आणि त्या चित्रफितीवर आपोआप कॉपीराइटचा हक्कदावा लागतो. नाहीतर चिटणीसांच्या खासगी खात्यावर बंदी येते आणि त्याला जोडलेलं पान, ड्राइव्ह, फोटो सगळं एकदम कुलुपात जातं. कारण धड कळत नाही आणि बोलायला माणूस सापडत नाही. कार्यकारिणीत ठरतं, "आपलाच सर्व्हर टाकू या." आठवड्याभरात यंत्र विकत येतं आणि टेबलाखाली धूळ खात पडतं.

चूक क्रमात असते. खाली सात पायऱ्या आहेत आणि यंत्राची पाळी चौथी आहे.

सुरुवातीला हे समजून घ्या: तुम्हाला कोण बंद करू शकतं

चार जण. ज्या मंचावर खातं आहे तो मंच, साइट जिथे ठेवली आहे ती होस्टिंग कंपनी, डोमेन नाव (साइटचा पत्ता) विकणारा रजिस्ट्रार आणि वाचकाच्या घरी इंटरनेट देणारा पुरवठादार. स्वतःची साइट उभी केली की पहिल्याची मर्जी संपते. दुसरा बदलता येतो, पण तयारी असेल तरच. तिसऱ्याकडून धोका असतो तो मुख्यतः कागदपत्रं अर्धवट असली तर. चौथा मात्र जिथल्या तिथे राहतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ खाली किंवा न्यायालयाच्या हुकमाने साइट अडवली गेली, तर सर्व्हर कुणाचा आहे याने फरक पडत नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची अधिकृत साइट २०२२ मध्ये भारतात कित्येक महिने उघडत नव्हती. साइट पूर्णपणे त्यांच्याच ताब्यात होती.

हक्काचा कायदाही सुटत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर कॉपीराइट राहतो. स्मरणिकेत छापलेली कविता साइटवर टाकताना हा हिशेब करावाच लागतो.

पायरी १: नाव संस्थेच्या ताब्यात घ्या

डोमेन हीच खरी मालमत्ता. सर्व्हर गेला तर दुसरा मिळतो, नाव गेलं की छापलेल्या पत्रिका, पाट्या, सगळं वाया. तरीही ते हमखास अध्यक्षांच्या भाच्याच्या नावावर असतं, कारण साइट त्याने केली होती आणि आता तो कॅनडात असतो.

- नोंदणी संस्थेच्या नावाने करा, नोंदणी प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच. डॉट इन नावांची नोंदवही निक्सी या संस्थेकडे आहे आणि तिथे ओळख पडताळणी होते. खोटा पत्ता किंवा बंद पडलेला मोबाइल नंबर दिला असेल तर नाव अडकू शकतं.
- संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद आणि परत मिळवायची वाटही बंद. ज्या गूगल खात्यावर यूट्यूब चॅनल आहे तेही इथे वापरू नका. चॅनलच्या भांडणात ते खातं गेलं तर डोमेनची किल्लीच गेली.
- डोमेन एका कंपनीकडे, होस्टिंग दुसरीकडे. एकाच ठिकाणी दोन्ही स्वस्त पडतं, पण तक्रार आली की दोन्ही एकदम अडकतात.
- दुहेरी पडताळणी ॲपवर लावा, एकट्या चिटणीसांच्या एसएमएसवर नको. तातडीचे कोड छापून संस्थेच्या दप्तरात, इतिवृत्ताच्या वहीबरोबर ठेवा.
- एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका. दरवर्षी नूतनीकरण करणारा खजिनदार दरवर्षी तोच नसतो.

देवनागरीतलं डॉट भारत नाव हवं असेल तर जरूर घ्या, पण जोडीला. बरेच अर्ज आणि ईमेल यंत्रणा ते अजून धड स्वीकारत नाहीत.

तपासा: दोन वेगवेगळे पदाधिकारी, आपापल्या घरून, एकमेकांना फोन न करता रजिस्ट्रारच्या खात्यात शिरू शकतात का? नसेल तर इथेच थांबा.

पायरी २: सगळ्याच्या प्रती काढा, भांडण होण्याआधी

खातं गोठवल्यावर प्रत उतरवायची सोय दर वेळी मिळेलच असं नाही. म्हणून हे काम सगळं सुरळीत चालू असतानाच करायचं.

*गूगल.* टेकआउट या गूगलच्याच प्रत उतरवायच्या सोयीतून मागवा. मोठ्या संग्रहाला तास लागतात, कधी दिवस. प्रत उतरवायचा दुवा साधारण आठवडाभरच चालतो, म्हणून कार्यक्रमांच्या गडबडीत मागवू नका. भागांचा आकार २ जीबी ठेवा. ५० जीबीची एकच फाइल मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून. फोटोंबरोबर जेसन नावाच्या बारक्या फाइली येतात. कचरा समजून त्या पुसल्या जातात आणि फोटोंच्या ओळी, कधी तारखासुद्धा त्यांच्यातच असतात. ठेवा. यूट्यूबच्या फिती यूट्यूब स्टुडिओतून (चॅनल चालवायच्या पानावरून) एकेक उतरवल्या तर ७२० पिक्सेलपर्यंतच मिळतात, त्याही टेकआउटमधूनच घ्या.

*फेसबुक.* खासगी खात्याची आणि पानाची प्रत वेगवेगळी मागवावी लागते. निवडताना फोटोंचा दर्जा 'उच्च' करा, आधीपासून तो मध्यम असतो. साचा एचटीएमएल निवडा. जेसन घेतलं तर मराठी मजकूर विस्कटतो. प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटांचं असतं आणि त्या प्रतीत प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिला जातो. "सस्नेह निमंत्रण" च्या जागी डोक्यावर रेघा-टिंबं असलेल्या रोमन अक्षरांची माळ दिसते. छोटी स्क्रिप्ट लिहून ते सरळ करता येतं, पण करणारा माणूस हाताशी हवा.

*वर्डप्रेस.* इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. 'निर्यात' केलेल्या एक्सएमएल फाइलीत लेख असतात, चित्रं नसतात, चित्रांचे फक्त पत्ते असतात. नवी साइट आयात करताना ती चित्रं जुन्या साइटवरून ओढून घेते. जुनी साइट आधीच बंद केली असेल तर लेख येतात आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन. शक्य असेल तर एक्सएमएलच्या भरवशावर राहूच नका. डेटाबेसचा (लेख जिथे साठतात त्या कोठाराचा) पूर्ण डम्प, म्हणजे एका फाइलीत उतरवलेली नक्कल, आणि चित्रांचं अपलोड्स फोल्डर असं दोन्ही घ्या.

*जुन्या स्मरणिका.* नव्वदीतल्या आणि नंतरच्याही बऱ्याच फाइली श्री-लिपीसारख्या फाँटात आहेत. पीडीएफ डोळ्यांना छान दिसते, पण आतला मजकूर युनिकोड नसतो आणि शोधात सापडत नाही. एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा, लगेच कळेल. मूळ पीडीएफ जशीच्या तशी जपा, मजकूर रूपांतरित करून वेगळा ठेवा. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात. मुद्रितशोधन झाल्याशिवाय साइटवर टाकू नका.

तपासा: फाइलींची संख्या मोजा, कुठल्याही दहा उघडून पाहा, त्यातल्या दोन दहा वर्षांहून जुन्या असू द्या. मग दोन वेगळ्या डिस्कवर प्रत करा.

सावध: एक डिस्क कारेलीबागेत आणि दुसरी समा भागात ठेवली तर दोन्ही विश्वामित्री नदीच्या भरवशावर. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहरातले किती तळमजले पाण्यात गेले ते वेगळं सांगायला नको. एक प्रत पहिल्या मजल्याच्या वर आणि एक बडोद्याबाहेर, पुण्याला किंवा इंदूरला कुणा सभासदाच्या नातलगाकडे.

पायरी ३: सर्व्हर कुठे, हे ठरवा

मंडळाच्या ऑफिसात की भाड्याने? उत्साह ऑफिसच्या बाजूने असतो, पण आधी एक तपासणी करा. राउटरच्या पानावर जो बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) दिसतो तो लिहून घ्या. मग 'माझा आयपी काय' असं शोधून जो पत्ता दिसतो तो ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यापैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमची लाइन सीजीनॅटच्या मागे आहे. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. बाहेरून येणारा वाचक तुमच्या यंत्रापर्यंत पोचणारच नाही, राउटरची पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, कितीही उघडा. स्थिर आयपी वेगळे पैसे भरून मिळतो. तो घेताना करारात सर्व्हर चालवायला मनाई आहे का हेही वाचा, घरगुती योजनांत ती असते.

शिवाय वीज, राउटर, आणि पतंगांचं उत्तरायण. गच्चीवरून आलेली केबल १४ जानेवारीला मांजाने कापली गेली तर दुरुस्तीला माणूस दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण उलटल्यावरच मिळणार.

आमचा सल्ला असा: लोकांना दिसणारी साइट भाड्याच्या छोट्या आभासी सर्व्हरवर (कंपनीच्या मोठ्या यंत्रातल्या आपल्या वाट्यावर) ठेवा. २ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क एका मंडळाच्या वर्डप्रेसला भरपूर झाली. फोटो-फितींचा मोठा संग्रह ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर ठेवा, बाहेर न उघडता.

भाड्याचा सर्व्हर मग 'स्वतःचा' कसा, असं कुणीतरी विचारतंच. नाव तुमचं, डेटा तुमचा, आतली प्रणाली तुमची आणि कंपनीने हाकललं तर त्याच संध्याकाळी दुसरीकडे बिऱ्हाड मांडता येतं, म्हणून. ही शेवटची अट सहावी पायरी केली तरच खरी ठरते.

सावध: परदेशी कंपनी घेतली तर पैसे आपोआप कापले जातील असं धरून चालू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वजावटीचे नियम कडक झाले आणि परदेशी बिलं कार्डावर अनेकदा नाकारली जातात. आधीच पैसे भरून ठेवता येतील अशी कंपनी निवडा. बिल थकल्यावर कंपनी सर्व्हर पुसून टाकते आणि वाचकाला वाटतं साइटवर बंदी आली.

पायरी ४: यंत्र तयार करा

हा भाग लोक सर्वांत अवघड समजतात, प्रत्यक्षात तो एका दुपारचा आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीची चालू स्थिर आवृत्ती घ्या. मग याच क्रमाने:

१. वेगळा वापरकर्ता तयार करा, त्याला सुडोचे, म्हणजे गरजेपुरते मालकाचे, अधिकार द्या.
२. दुरून सर्व्हरमध्ये शिरायची एसएसएच किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची फाइल, चढवा. पहिली खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाऊन पाहा.
३. ते जमलं की मगच पासवर्डने प्रवेश आणि रूटचा, म्हणजे मुख्य मालक-खात्याचा, थेट प्रवेश बंद करा. या यादीतलं दुसरं-तिसरं काम उलटं केलं की स्वतःच बाहेर कुलूपबंद.
४. फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारी वाहतूक अडवणाऱ्या पहाऱ्यात) फक्त २२ (एसएसएच), ८० आणि ४४३ (वेबसाइट) ही पोर्ट उघडी ठेवा. २२ आधी उघडा, फायरवॉल नंतर चालू करा.
५. सुरक्षेची अद्यतनं आपोआप होतील असं लावा.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायची सोय) वापरणार असाल तर एक सापळा आहे. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला बगल देतं. तुम्ही 'बंद' म्हणून निर्धास्त, आणि डेटाबेस जगाला उघडा. पोर्ट १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच यंत्रापुरतं, बांधा आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून तपासा.

ऑफिसातल्या लॅपटॉपबद्दल: झाकण लावल्यावर झोपी जाणं बंद करा. बॅटरी फुगली आहे का ते पाहा, फुगली असेल तर काढून यूपीएसवर चालवा. मे महिन्यात बंद खोलीत, पत्र्याखाली ठेवू नका. १५ वॅटचा लॅपटॉप महिन्याला साधारण ११ युनिट वीज खातो, त्यामुळे बिलाची भीती नको. यूपीएसवर राउटर आणि भिंतीवरची फायबरची डबी दोन्ही घ्या, एकट्या लॅपटॉपला वीज देऊन उपयोग नाही. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) वापरायचा असेल तर मेमरी कार्डावर डेटाबेस नको. वीज गेली की कार्ड खराब होतं. एसएसडी लावा.

पायरी ५: साइट हलवा

आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेनवरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद वाचकाकडे साठून राहायचा वेळ, ३०० सेकंदांवर आणा. तो ८६,४०० असेल तर काही वाचकांना पुढचा पूर्ण दिवस जुनीच साइट दिसत राहते आणि गटावर "उघडत नाही" चे संदेश सुरू होतात.

डेटाबेस तयार करताना अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ निवडा. साधा यूटीएफ८ मराठी सांभाळतो, पण कुणी शुभेच्छांबरोबर इमोजी टाकला की मजकूर तिथेच तुटू शकतो. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची) अपलोड मर्यादा मुळात २ एमबी असते. ती ६४ वर न्या, नाहीतर आयातीची फाइल चढतच नाही आणि त्रुटीचा संदेश भलतंच काही सांगतो.

मराठी शीर्षकाचे दुवे हा वेगळाच त्रास आहे. वर्डप्रेस दुव्याच्या शेपटीला २०० जागा देतं. देवनागरीचं एक चिन्ह दुव्यात नऊ जागा खातं आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी स्वतंत्र चिन्हं. म्हणजे बावीस चिन्हांतच शेपटी संपते. "कोजागरीनिमित्त काव्यवाचनाचा कार्यक्रम" पूर्ण मावत नाही, मध्येच छाटला जातो. दुसऱ्या प्रणालीतून येताना जुने लांब दुवे त्यामुळे तुटतात. दुवे रोमन लिपीत किंवा अंकांत ठेवा आणि जुन्या-नव्या पत्त्यांची यादी करून पुनर्निर्देश (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सूचना) लावा.

डीएनएस बदलण्याआधी आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलीत (डीएनएसच्या आधी संगणक पाहतो त्या यादीत) नवा पत्ता लिहून नवी साइट पाहून घ्या. सगळं ठीक असेल तर मग डीएनएस बदला आणि त्यानंतर लेट्स एनक्रिप्ट या सेवेचं फुकट सुरक्षा-प्रमाणपत्र (साइट https ने उघडायला लागणारं) घ्या. हा क्रम उलटा चालत नाही, कारण नेहमीच्या पद्धतीत पडताळणी पोर्ट ८० वरून, नव्या पत्त्यावर होते. तासाभरात पाच प्रयत्न फसले की पुढचे प्रयत्न काही वेळ अडवले जातात, म्हणून आधी त्यांच्या चाचणी सेवेवर करून पाहा. प्रमाणपत्र फार तर ९० दिवसांचं असतं. संपत आल्याचा ईमेल ते पूर्वी पाठवत, जून २०२५ पासून पाठवत नाहीत. नूतनीकरण आपोआप होतं का हे स्वतः तपासायचं. कॅडी वेब सर्व्हर घेतला तर ही कटकट तो सांभाळतो.

दोन गोष्टी करू नका. टिप्पण्या उघड्या ठेवू नका. दुसऱ्याचा मजकूर साठवला की कायद्याच्या भाषेत तुम्ही 'मध्यस्थ' ठरू शकता, आणि त्या जबाबदाऱ्या पेलायला मंडळाकडे माणूस नसतो. आणि ईमेलचा सर्व्हर स्वतः चालवू नका. पोर्ट २५ बहुतेक ठिकाणी बंद असतं, आणि नव्या पत्त्यावरून गेलेली पत्रं स्पॅममध्ये पडतात. आपल्या डोमेनवर पैसे भरून ईमेल सेवा घ्या, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (पत्र खरंच आपल्याच डोमेनवरून आलं हे पटवणाऱ्या) डीएनएसमध्ये घाला. नाव आपलं असल्यामुळे सेवा उद्या बदलता येते.

पायरी ६: बॅकअप घ्या आणि तो परत उभा करून पाहा

चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नका, त्या अर्धवट अवस्थेत येतात. डम्प काढा, जोडीला अपलोड्स फोल्डर आणि सर्व्हरच्या मांडणीच्या फाइली. सर्व्हरने बॅकअप पाठवण्यापेक्षा ऑफिसातल्या लॅपटॉपने रात्री आरसिंक या फाइलींची नक्कल करणाऱ्या साधनाने तो ओढून घ्यावा. सर्व्हरवर कुणी घुसलं तरी बॅकअप पुसायची किल्ली तिथे नसते. मग रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने त्याच्या आवृत्त्या ठेवा: रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप कुणालाही उघडता येत नाही. तो कागदावर, दप्तरात.

आता कवायत. दुसऱ्या कंपनीचा, तासावर भाडं असलेला सर्व्हर घ्या. फक्त बॅकअप आणि दप्तरातले कागद वापरून साइट उभी करा, घड्याळ लावून. पहिल्यांदा काहीतरी राहिलेलं सापडतंच: एखादा पासवर्ड, फाँटची फाइल, क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची) नोंद. ते लिहून घ्या, सर्व्हर मोडा, पुन्हा करा. ज्याने साइट केली त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणालातरी बसवा आणि मधे बोलू नका.

तपासा: सभासदांची फोन नंबरांची यादी बॅकअपमध्ये कुलूपबंद आहे ना? सार्वजनिक फोल्डरात तर नाही ना?

पायरी ७: जुनी खाती मोडू नका

नवी साइट सुरू झाली की रागाच्या भरात फेसबुक पान पुसून टाकायची हौस येते. पान राहू द्या. तिथे पूर्ण लेख न टाकता चार ओळी आणि साइटचा दुवा टाका. वाचक तिथे आहेत, मजकूर आपल्याकडे. जुनी साइट निदान तीन महिने चालू ठेवा आणि तिच्यावरून पुनर्निर्देश लावा.

एखादं खातं बंद झालंच, तर सूचनेचे स्क्रीनशॉट तारखेसह काढा आणि २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नेमलेल्या त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. तक्रारीत भावना नकोत. कुठला मजकूर, कधी टाकला, कुठल्या नियमाखाली काढला आणि तो नियम इथे का लागू नाही, एवढंच लिहा.

पत्रिकेवर छापायचा क्यूआर कोड थेट आपल्या डोमेनचा करा. फुकट लघुदुवा सेवेचा कोड छापला आणि ती सेवा बंद पडली तर छापलेल्या सगळ्या पत्रिका मुक्या होतात. छापखान्यात मजकूर देण्याआधी तो कोड दोन वेगळ्या फोनवरून, वाय-फाय बंद करून उघडून पाहा.